अकरावीच्या रसायनशास्त्राची गणितं: मोल, द्रावण आणि अणूची रचना

रसायनशास्त्राच्या गणितात मुलं अडकतात ती बहुतेक वेळा रसायनशास्त्रामुळे नाही. गणितात ‘५ ग्रॅम’ दिलेले असतात, पण ते कशाचे हे वहीत लिहिलेलं नसतं. मिलिलिटरचे लिटर करायचे राहून जातात. एका पदार्थाच्या ग्रॅमवरून दुसऱ्याच्या ग्रॅमवर थेट उडी मारली जाते. संकल्पना डोक्यात बरोबर असते आणि उत्तर निम्मं, दुप्पट किंवा हजारपट येतं. म्हणून इथे सूत्रांपेक्षा मांडणीवर जास्त भर दिला आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मुंबईच्या ज्युनियर कॉलेजात आलेल्यांना शब्दांचाही अडथळा येतो. द्राव्य म्हणजे सोल्यूट, द्रावक म्हणजे सॉल्व्हंट, संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, अभिक्रियाकारक म्हणजे रिॲक्टंट, समस्थानिक म्हणजे आयसोटोप. या जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पंधरा दिवसांत तोंडी बसतात. एक शब्द मात्र खरोखर फसवतो. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल, आणि ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांचा इथे हमखास घोळ होतो. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात, हे मराठी वाक्य पक्कं धरून ठेवा.

आधीची तयारी

काही अणुवस्तुमानं पाठच हवीत: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, मँगनीज ५५, लोह ५६, तांबं ६३.५. एवढ्यावर पहिल्या वर्षाची बरीचशी गणितं सुटतात.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा सराव पहिल्या दिवसापासून लॉग टेबलवरच करा. आणि टेबल उघडण्याआधी उत्तराचा ढोबळ अंदाज वहीच्या कडेला लिहा. १.५७५ भागिले १२६ करायचं असेल तर दीड भागिले सव्वाशे, म्हणजे साधारण ०.०१२. लॉगचा पूर्णांश (कॅरॅक्टरिस्टिक) चुकला की उत्तर दहापट सरकतं, आणि कडेला लिहिलेला अंदाज ती चूक तिथल्या तिथे दाखवतो.

ग्रॅममधून थेट ग्रॅममध्ये जाता येत नाही

बोरिवलीहून लोकलने ठाण्याला जायचं तर दादरला उतरून गाडी बदलावी लागते, कारण पश्चिम आणि मध्य रेल्वेचे रूळ वेगळे आहेत. रसायनशास्त्रातलं दादर म्हणजे मोल. एका पदार्थाचे ग्रॅम, त्याचे मोल, समीकरणातल्या प्रमाणानुसार दुसऱ्या पदार्थाचे मोल, मग त्याचे ग्रॅम. चार थांबे आहेत, त्यातला एकही वगळता येत नाही.

कारण साधं आहे. अभिक्रियेत कण एकमेकांशी मोजून जोडले जातात, वजन करून नाही. हायड्रोजनचे २ रेणू ऑक्सिजनच्या १ रेणूशी जोडले जातात, पण ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या सोळा पट जड आहे. वजनाचं प्रमाण त्यामुळे २ : १ न राहता ४ : ३२ होतं. मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या, जशी डझन म्हणजे बारा. २० मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात अशी नेमकी ठरवलेली आहे, गणितात ६.०२२ पुरतं. पदार्थाचं रेण्वीय वस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम म्हणजे त्याचा एक मोल. पाण्याचे १८ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम, खायच्या मिठाचे ५८.५ ग्रॅम.

गणित वाचलं की पेन्सिलने दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत ‘दिलंय’: आकडा, एकक आणि पदार्थाचं नाव. दुसऱ्या ओळीत ‘हवंय’: एकक आणि पदार्थाचं नाव. ‘१० ग्रॅम’ असं लिहू नका, ‘१० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट’ असं लिहा. पुढच्या प्रत्येक पायरीत आकड्याला हे नाव चिकटलेलं असलं की चुकीच्या पदार्थाच्या वस्तुमानाने भागण्याची वेळ येत नाही.

समीकरण संतुलित करणं

घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. त्यातला ब्युटेन घेऊ. त्याच्या रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं.

आधी कार्बन. डावीकडे ४ आहेत, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू. मग हायड्रोजन. डावीकडे १०, पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याचे ५ रेणू. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. उजवीकडे ४ × २ अधिक ५ × १, म्हणजे १३ अणू. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, तेव्हा डावीकडे साडेसहा रेणू हवेत. अपूर्णांक घालवायला सगळ्याला दोनने गुणायचं: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. आता पडताळा. कार्बन ८ आणि ८, हायड्रोजन २० आणि २०, ऑक्सिजन २६ आणि १६ + १० = २६. जुळलं.

ऑक्सिजन शेवटी घ्यायचा, कारण तो डावीकडे एकटा, मूलद्रव्य म्हणून उभा आहे. त्याचा सहगुणक, म्हणजे सूत्राआधीचा आकडा, बदलला तरी कार्बन-हायड्रोजनचा जमलेला हिशेब बिघडत नाही. सुरुवातच ऑक्सिजनपासून केली तर प्रत्येक पायरीला मागे फिरावं लागतं.

इथली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सूत्राच्या आतला, पायाशी लिहिलेला आकडा बदलणं. उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला तर ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधी लिहिलेला आकडा.

सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड असे गट दोन्ही बाजूंना अख्खे राहत असतील तर त्यांचे तुकडे करू नका, गट म्हणूनच मोजा. ॲल्युमिनियम सल्फेट आणि चुन्याची निवळी यांच्या अभिक्रियेत डावीकडे २ ॲल्युमिनियम आणि ३ सल्फेट आहेत. ३ सल्फेटसाठी ३ कॅल्शियम लागतात, म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड ३. त्यातून ६ हायड्रॉक्साइड मिळतात, ते २ ॲल्युमिनियमला तीन-तीन बरोबर पुरतात. सहगुणक १, ३, २, ३. ऑक्सिजनचे अणू एकेक करून मोजत बसलात तर ह्याच गणिताला दहा मिनिटं जातात.

रिक्षातल्या एक किलो सीएनजीचा हिशेब

मुंबईच्या रिक्षा आणि टॅक्सी सीएनजीवर धावतात. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हिशेबाच्या सोयीसाठी सगळाच मिथेन धरू. १ किलो जळला तर किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल?

समीकरण: १ मिथेन आणि २ ऑक्सिजन यांपासून १ कार्बन डायऑक्साइड आणि २ पाणी. मिथेनचं रेण्वीय वस्तुमान १२ + ४ = १६. १००० ग्रॅम भागिले १६, म्हणजे ६२.५ मोल मिथेन. प्रमाण १ : १, म्हणून कार्बन डायऑक्साइडही ६२.५ मोल. गुणिले ४४ केलं की २७५० ग्रॅम, म्हणजे पावणेतीन किलो.

एक किलो घातलं आणि पावणेतीन किलो निघालं, हे पाहून पुष्कळ जण उत्तर खोडतात. खोडू नका, ऑक्सिजनचा हिशेब करा. ऑक्सिजन १२५ मोल, गुणिले ३२, म्हणजे ४००० ग्रॅम हवेतून आले. पाणी १२५ मोल, गुणिले १८, म्हणजे २२५० ग्रॅम तयार झालं. आत गेले १००० + ४००० = ५००० ग्रॅम. बाहेर आले २७५० + २२५० = ५००० ग्रॅम. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा हा ताळा दोन मिनिटांत होतो आणि समीकरण, वस्तुमान, गुणाकार या तिन्हींच्या चुका एकदम पकडतो. जिथे शक्य आहे तिथे तो कराच.

आधी कोण संपणार

दहा वडे आणि आठ पाव असतील तर वडापाव आठच होतात. मर्यादित अभिक्रियाकारक म्हणजे हा पाव. पण या उदाहरणात एक खोट आहे: एका वड्याला एकच पाव लागतो. खऱ्या अभिक्रियेत प्रमाण १ : २, २ : ३ असं काहीही असतं, आणि ‘ज्याचे मोल कमी तो आधी संपतो’ असं धरून चाललं की उत्तर चुकतं.

२.४ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत १ मोलार (एका लिटरमध्ये १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये टाकली. मॅग्नेशियम २.४ भागिले २४, म्हणजे ०.१ मोल. आम्ल ०.१ लिटर गुणिले १, म्हणजे तेही ०.१ मोल. दोन्ही सारखे दिसतात. पण मॅग्नेशियमच्या १ मोलला आम्लाचे २ मोल लागतात. तेव्हा प्रत्येकाच्या मोलना त्याच्या सहगुणकाने भागा: मॅग्नेशियम ०.१, आम्ल ०.०५. ज्याचा भागाकार लहान तो आधी संपणार. इथे आम्ल संपतं. मॅग्नेशियमचे ०.०५ मोल, म्हणजे १.२ ग्रॅम, तसेच उरतात आणि हायड्रोजन ०.०५ मोल मिळतो. भागाकार फक्त कोण संपणार हे ठरवण्यासाठी आहे. पुढचं गणित संपणाऱ्या पदार्थाच्या मूळ मोलपासून सुरू करा.

या हायड्रोजनचं आकारमान किती? लगेच २२.४ ने गुणू नका. २२.४ लिटर हे ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला लागू आहे. १९८२ नंतरच्या व्याख्येत प्रमाण दाब १ बार धरतात, तेव्हा एका मोलचं आकारमान २२.७ लिटर होतं. जुन्या आणि नव्या पुस्तकांत आकडे वेगळे दिसतात ते यामुळे. प्रश्नात कुठला दाब दिलाय ते वाचा. आणि प्रयोगशाळेत तर ० अंश कधीच नसतं. २७ अंशाला, म्हणजे ३०० केल्विनला, १ वातावरण दाबाखाली एक मोल वायू सुमारे २४.६ लिटर जागा व्यापतो. म्हणजे ०.०५ मोल हायड्रोजन १.१२ लिटर नव्हे, १.२३ लिटर.

द्रावणं: इथे हातही नीट हवा

मोलारिटी म्हणजे एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल. शब्द ‘द्रावण’ आहे, ‘पाणी’ नाही. मोलॅलिटी मात्र एक किलो द्रावकावर मोजतात. फरक समुद्राच्या पाण्यावर स्पष्ट दिसतो. महासागराच्या १ किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात (पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ नद्या-नाल्यांचं पाणी मिसळून हा आकडा खाली येतो). सगळे क्षार म्हणजे सोडियम क्लोराइडच असं सोयीसाठी धरू. ३५ भागिले ५८.५, म्हणजे ०.५९८ मोल. नुसतं पाणी ९६५ ग्रॅम, म्हणून मोलॅलिटी ०.५९८ भागिले ०.९६५, म्हणजे ०.६२. मोलारिटीसाठी घनता लागते. १ लिटरचं वजन सुमारे १०२५ ग्रॅम, त्यात क्षार ३५.९ ग्रॅम, मोलारिटी ०.६१. विरल द्रावणात दोन्ही जवळ असतात म्हणून चूक लपते. बाटलीतल्या तीव्र आम्लात ती लपत नाही.

तीव्र आम्लाच्या बाटलीवर मोलारिटी बहुधा नसते, टक्के आणि घनता असते. हायड्रोक्लोरिक आम्ल ३७ टक्के, घनता १.१९. एक लिटर, म्हणजे ११९० ग्रॅम धरा. त्याचे ३७ टक्के ४४०.३ ग्रॅम. भागिले ३६.५ केलं की १२.०६ मोलार. त्यापासून ०.१ मोलारचं ५०० मिलिलिटर करायचं तर ०.०५ मोल हवेत, ०.०५ भागिले १२.०६, म्हणजे ४.१ मिलिलिटर. आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग त्यात आम्ल, हा क्रम कधीही उलटा करू नका. सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं तर वर तरंगणारं पाणी उष्णतेने जागच्या जागी उकळतं आणि आम्ल अंगावर उडतं.

आता प्रमाण द्रावण, म्हणजे संहती नेमकी माहीत असलेलं द्रावण, बनवू: ०.०५ मोलार ऑक्झॅलिक आम्ल, २५० मिलिलिटर. मोल ०.०५ × ०.२५ = ०.०१२५. बाटलीतल्या स्फटिकांत प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, म्हणून वस्तुमान ९० नव्हे, १२६ धरायचं. १.५७५ ग्रॅम. ९० धरलं तर १.१२५ ग्रॅम घेतले जातील आणि द्रावण ०.०५ ऐवजी ०.०३६ मोलार होईल. पुढचं सगळं अनुमापन (टायट्रेशन, म्हणजे माहीत संहतीच्या द्रावणाशी अभिक्रिया करून दुसऱ्याची संहती काढणं) नीट करूनही उत्तर चुकेल. लेबलवर ‘डायहायड्रेट’ लिहिलंय का ते तराजूला हात लावण्याआधी बघा.

१.५७५ ग्रॅम काचेच्या तबकडीवर तोला. बीकरमध्ये साधारण १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. नरसाळ्यातून २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. तबकडी, बीकर, काचकांडी आणि नरसाळं थोड्या थोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला, कारण भिंतीला चिकटलेला थेंबही तोललेल्या १.५७५ ग्रॅममधलाच आहे. खुणेच्या बोटभर खाली थांबा, पुढचं पाणी ड्रॉपरने. मानेवरची रेघ डोळ्याच्या पातळीत आणा आणि पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ रेघेला टेकला की थांबा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नाही, तिथे वरची कड धरतात. खुणेच्या वर गेलात तर जास्तीचं पाणी काढून टाकणं हा उपाय नाही. त्याबरोबर आम्लही जातं. ओतून द्या आणि पुन्हा करा. शेवटी बूच लावून फ्लास्क दहा-बारा वेळा उलटासुलटा करा. नुसता हलवला तर मानेतलं पाणी तळाच्या द्रावणात नीट मिसळत नाही.

हेच सोडियम हायड्रॉक्साइडचं का करायचं नाही, म्हणजे नेमकं तोलून प्रमाण द्रावण का बनवायचं नाही? मुंबईत जुलै महिन्यात त्याचे चार दाणे तबकडीवर ठेवून बघा. काही मिनिटांत दाण्यांना चकाकी येते, मग खाली ओलसर वर्तुळ दिसतं, आणि तराजूचा शेवटचा आकडा हळूहळू वर चढत राहतो. ते हवेतला दमट बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतं. तुम्ही तोलता त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किती आणि पाणी किती, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ०.१ मोलारच्या २५० मिलिलिटरसाठी हिशेबाने येणारा १ ग्रॅम ढोबळच घ्यायचा आणि खरी मोलारिटी ऑक्झॅलिक आम्लाशी अनुमापन करून काढायची. दाणे हाताने उचलू नका, कातडी भाजते. कागदावर तोलू नका, कागद ओला होऊन दाणे चिकटतात.

ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) आधी पाण्याने, मग त्यातच भरायच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने खळबळा. पिपेटही (ठरावीक द्रव मोजून घ्यायची नळी) तशीच, पण तिच्यातल्या आम्लाने. शंकुपात्र मात्र फक्त पाण्याने धुवायचं, कारण त्यात नेमके १० मिलिलिटर आम्लच जायला हवं. आतल्या साध्या पाण्याने मोल बदलत नाहीत, आतल्या उरल्यासुरल्या आम्लाने बदलतात. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा तोटी झटकन उघडून घालवा, तो मध्येच निघाला तर वाचन तेवढं जास्त येतं. वाचन घेण्याआधी वरचं नरसाळं काढा. पिपेटच्या टोकाला उरलेला थेंब फुंकून पाडू नका. रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फेनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब पुरतात. शेवटी थेंबाथेंबाने घाला; अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग म्हणजे अंतिम बिंदू. रंग गडद झाला तर तुम्ही पुढे गेलात. सारखी तीन वाचनं आली की सरासरी काढायची गरज उरत नाही. काम संपलं की काचेच्या तोटीची ब्युरेट लगेच धुवा, हे द्रावण तोटीत राहिलं तर ती घट्ट बसते.

समजा १० मिलिलिटर आम्लाला सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण १०.२ मिलिलिटर लागलं. आम्लाचे मोल ०.०५ × ०.०१० = ०.०००५. ऑक्झॅलिक आम्लाच्या १ मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे २ मोल लागतात, म्हणून ०.००१ मोल. भागिले ०.०१०२ लिटर, म्हणजे ०.०९८ मोलार. ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ आंधळेपणाने लावणाऱ्याला इथे ०.०४९ मिळतं, बरोबर निम्मं. ते सूत्र एकच द्रावण पातळ करण्यासाठी आहे. दोन पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करत असतील तर मोलवरच यायचं.

मिलिग्रॅम प्रति लिटरचं गणित सोसायटीच्या टाकीवर करून बघण्यासारखं आहे. १०,००० लिटर पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, तर १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम. ब्लीचिंग पावडरीत उपलब्ध क्लोरीन २५ टक्के असेल तर ४० ग्रॅम पावडर. गुणायचं की भागायचं यात घोळ होतो. पावडर अशुद्ध आहे, म्हणून ती जास्तच लागणार, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. उघड्या डब्यातल्या जुन्या पावडरीतला क्लोरीन कमी होत जातो. आणि ब्लीच, टॉयलेट साफ करायचं आम्ल या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

अणूची रचना

यातली पहिली गणितं सोपी आहेत. अणुअंक म्हणजे प्रोटॉन. अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन. आयन झाला तर फक्त इलेक्ट्रॉन बदलतात, केंद्रकाला काही होत नाही. सोडियम-२३ मध्ये ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन, ११ इलेक्ट्रॉन. त्याच्या धन आयनात इलेक्ट्रॉन १०. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली. भट्ट्यांच्या इंधनातलं युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ यांत प्रोटॉन दोन्हीकडे ९२, न्यूट्रॉन १४३ आणि १४६. प्रोटॉन सारखे म्हणून मूलद्रव्य एकच, न्यूट्रॉन वेगळे म्हणून समस्थानिकं वेगळी.

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ का? अर्धा न्यूट्रॉन नसतो. निसर्गात क्लोरीन-३५ साधारण ७५ टक्के आणि क्लोरीन-३७ साधारण २५ टक्के: ३५ × ०.७५ + ३७ × ०.२५ = ३५.५. उत्तर जास्त प्रमाणातल्या समस्थानिकाकडे झुकलेलं हवं. ३६ आलं तर टक्केवारी न वापरता साधी सरासरी काढली गेली आहे.

इलेक्ट्रॉन संरूपणात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या कक्षांमधल्या मांडणीत, पहिला खड्डा पोटॅशियमचा. कक्षेची क्षमता ‘दोन एन वर्ग’ पाठ केलेले २, ८, ९ लिहितात, कारण तिसऱ्या कक्षेत १८ मावतात. बरोबर संरूपण २, ८, ८, १. क्रम ठरवण्यासाठी एन (कक्षेचा क्रमांक) आणि एल (उपकक्षेचा अंक: एस ०, पी १, डी २) यांची बेरीज करा. ४एस साठी ४ + ० = ४, ३डी साठी ३ + २ = ५. बेरीज लहान ते आधी भरतं, म्हणून ४एस आधी. बेरीज सारखी आली तर लहान एन आधी. क्रोमियम आणि तांबं हे दोन अपवाद पाठ करा: क्रोमियमचा शेवट ३डी मध्ये ५ आणि ४एस मध्ये १, तांब्याचा ३डी मध्ये १० आणि ४एस मध्ये १. दुसरा खड्डा आयनांचा. भरताना ४एस आधी भरतं, पण इलेक्ट्रॉन जाताना ४एस मधलेच आधी जातात. लोहाच्या २६ इलेक्ट्रॉनांतून दोन गेले की ३डी मध्ये ६ उरतात आणि ४एस रिकामं होतं.

प्रकाशाच्या ऊर्जेचं गणित ज्याला भीती वाटते त्याने सोडियमच्या पिवळ्या प्रकाशावर करावं. तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. प्लँकचा स्थिरांक ६.६२६ × १० चा उणे ३४ वा घात, प्रकाशाचा वेग ३ × १० चा ८ वा घात. दोघांचा गुणाकार भागिले तरंगलांबी. इथे नॅनोमीटरचे मीटर केलेच पाहिजेत: ५८९ × १० चा उणे ९ वा घात. एका फोटॉनची ऊर्जा ३.३७ × १० चा उणे १९ वा घात ज्यूल. एक मोल फोटॉनची सुमारे २०३ किलोज्यूल. आकडे वेगळे आणि घातांक वेगळे, असे दोन ओळींत सोडवा. एकाच ओळीत सगळं कोंबलं की उणे चिन्ह हरवतं.

सरावाला तीन

घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो. सगळा ब्युटेन धरला तर जाळायला किती ऑक्सिजन लागेल? १४,२०० भागिले ५८, म्हणजे २४४.८ मोल, गुणिले ६.५ गुणिले ३२, सुमारे ५०.९ किलो. कार्बन डायऑक्साइड ४३.१ किलो आणि पाणी २२ किलो येतं का ते पाहून ताळा जुळवा, दोन्हीकडे ६५.१ किलो यायला हवेत.

०.०२ मोलार पोटॅशियम परमँगनेटचं २५० मिलिलिटर द्रावण करायला किती ग्रॅम? वस्तुमान १५८, उत्तर ०.७९ ग्रॅम.

लोह-५६ च्या तीन धनप्रभार असलेल्या आयनात प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन किती आणि ३डी मध्ये किती उरतात? २६, ३०, २३ आणि ५.

ही तीन न अडखळता सुटली की मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या रसायनशास्त्र ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडा. त्यातला प्रत्येक प्रश्न लांबलचक असतो. पहिल्या वाचनात फक्त ‘दिलंय’ आणि ‘हवंय’ या दोन ओळी लिहून काढा, सोडवायला दुसऱ्या वाचनानंतर बसा.